टाइपिंगच्या बाई आणि आपोआप फिरणारी दुर्बीण

टाइपिंगच्या बाई वाचल्याशिवाय काहीही दाबत नसत. कुणाच्या दारावरची घंटासुद्धा. आधी पाटीवरची सगळी नावं वाचायच्या, खाली 'चपला बाहेर काढाव्यात' असं लिहिलेलं असेल तर तेही वाचायच्या, चपला काढायच्या आणि मगच घंटेला बोट लावायच्या. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी केलेला कागद येतो, तो अख्ख्या डोंबिवलीत कुणी वाचत असेल तर त्याच. "तेवढ्या वेळात डोकं दुखायचं थांबतं, बाई," मी एकदा म्हणालो. "मग गोळी वाचली," त्या म्हणाल्या आणि कागदाची होती तशी घडी करून खोक्यात ठेवली.

त्यांच्यावर माझा राग आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाटेल मी नुसतं कौतुक करायला बसलोय. राग दोन आहेत. पहिला जुना आहे आणि साधा आहे. दुसरा त्यांच्यावर आहे की आणखी कुणावर, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

पहिला असा. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास डोंबिवली पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा क्लास होता. बारा मशिनी, खाली गिरणीचा पट्टा, आणि या सगळ्या आवाजात बाईंना कुणाचं बोट चुकलं ते पाठमोरं उभं राहून कळायचं. मी आंबिवलीहून यायचो. कारकुनाची नोकरी मिळाली की आयुष्य मार्गी लागलं, असं घरच्यांचं मत होतं. पण माझी नजर सारखी बोटांकडे जायची. बाई माझ्या हातांवर रुमाल टाकायच्या. मी रुमालाखालून बघायचो. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेला दोनदा बसलो, दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा फॉर्म मागायला गेलो तर त्यांनी दिला नाही.

"भोईर, तू दुसरं काहीतरी कर."

"दुसरं काय करू?"

"विक काहीतरी. गेल्या महिन्यात तू याच क्लासमधल्या मुलींना माझ्याच टाकून दिलेल्या रिबनी विकल्यास."

ते खरं होतं. शाई लावून विकल्या होत्या आणि चांगल्या चालत होत्या. तरी त्या दिवशी मी जिन्याचं दार आपटून उतरलो. आज विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर जुन्या मालाचं माझं दुकान आहे, तिथपर्यंत मी कुणाचा हात न धरता आलोय, आणि मला विक्रीला लावल्याचं श्रेय मी बाईंना कधी दिलेलं नाही. त्यांनी मला हाकललं, एवढंच मी लक्षात ठेवलं.

पंधरा वर्षं मी त्या माडीवर चढलो नाही. नव्व्याण्णव संपता संपता चढावं लागलं, ते एका दुर्बिणीमुळे.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आलेला परदेशी इंजिनिअर काम संपवून परत गेला आणि त्याच्या बंगल्यातला माल मी एकगठ्ठा उचलला. फ्रीज, गाद्या, कपाटं, आणि एका लांब खोक्यात ही दुर्बीण. नुसती दुर्बीण असती तर मी घाबरलो नसतो. हिच्या बैठकीत मोटारी होत्या, आणि गुंडाळलेल्या वायरला एक रिमोट लटकत होता. बटणं दाबली की त्यावर लाल अक्षरं सरकत यायची आणि मी वाचेपर्यंत निघून जायची. घरी एकदा लावून बघितली. मिक्सरसारखा आवाज करत नळी स्वतःहून उठली, अर्धी गिरकी घेतली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून थांबली. "बंद करा ते," बायको म्हणाली, "माझ्याकडे बघतंय."

गिऱ्हाईक मात्र तयार होतं. डोंबिवलीतल्याच एका शाळेच्या मुख्याध्यापकांना दुर्बीण हवी होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चालवून दाखवा. बटण दाबल्यावर ती आपोआप शनीकडे गेली आणि कडी दिसली, तर घेऊ. मी म्हटलं, चालवायला टाइपिंगच्या बाईंना आणतो. ते माझ्या तोंडून का निघालं, सांगता येत नाही. इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारं दुसरं माणूस मला माहीत नव्हतं, हे कारण असावं.

मुख्याध्यापक खुर्चीत सरळ बसले. "बाई येणार असतील तर फारच छान. शाळेत कॉम्प्युटरची खोली सुरू करतोय आणि माझ्या मनात त्याच आहेत. समितीतले लोक म्हणतात, बाई टाइपरायटरच्या जमान्यातल्या, त्यांना नवं काय जमणार. हे यंत्र त्यांनी सगळ्यांसमोर चालवलं की तोंडं बंद होतील."

मी तसाच माडीवर गेलो. बारापैकी नऊ मशिनींवर रेक्झिनची कव्हरं चढलेली होती. तीन मुली टकटक करत होत्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू मी कालच जिना उतरलो होतो.

"भोईर, दार हळू लाव."

मी सगळं सांगितलं. शनी, शाळा, कॉम्प्युटरची खोली. बाई जवळच्या मशीनचं कव्हर उगाच सारखं करत राहिल्या. "मार्चनंतर क्लास बंदच करायचा होता," त्या म्हणाल्या. "पोरं आता टाइपिंगला येत नाहीत. पण मला घरी बसता येत नाही रे." मग हात पुढे केला. "पुस्तक दे."

पुस्तक ऐंशी पानांचं होतं. मी म्हटलं, "बाई, सगळं कशाला? मुख्य मुख्य पानं बघा."

"मुख्य कुठली, ते वाचल्याशिवाय कसं कळणार?"

यावर घासाघीस करायला जागा नव्हती. त्यांनी आठवडा घेतला. पहिल्या पानावर सूर्याकडे दुर्बीण न रोखण्याची सूचना होती, ती त्यांनी वहीत लाल शाईने उतरवली. बाकी सगळं निळ्याने, मराठीत, क्रमांक घालून. आधी गाव सांगायचं. मग तारीख, त्यातही महिना आधी आणि दिवस नंतर. मग वेळ, रेडिओच्या घड्याळावरून, कारण गावातली सगळी घड्याळं गाडी चुकू नये म्हणून पुढे ठेवलेली असतात. मग नळी आडवी धरून उत्तरेकडे करायची. तिथून पुढे यंत्र स्वतः एका ताऱ्याकडे जातं. तो नेमका मध्ये दिसत नसेल तर बाणांच्या बटणांनी मध्ये आणायचा आणि एंटर दाबायचं. मग दुसरा तारा, पुन्हा एंटर. त्यानंतर ते आपलं ऐकतं.

तालीम त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर, संध्याकाळी सातनंतर. पहिल्या दिवशी सगळं उत्तरेपर्यंत सुरळीत झालं.

"उत्तर कुठे?" त्यांनी विचारलं.

मी कल्याणकडे हात केला. खाली रूळ दिसत होते, तेही तिकडेच जात होते.

"नक्की?"

माझं डोकं फिरलं. "बाई, मी इथला आहे. आपण उभे आहोत ती पूर्व. रुळांपलीकडे पश्चिम. मग उत्तर कुठे उरली? आमचं आंबिवली कल्याणच्या पुढे, त्याच्या पुढे कसारा, पुढे नाशिक. नाशिक काय दक्षिणेला आहे?"

त्यांनी नळी कल्याणकडे वळवली.

यंत्र घुर्र करत फिरलं आणि समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यासमोर थांबलं. रिमोटवर एका ताऱ्याचं नाव आलं. बाईंनी डोळा लावला.

"परकर आहे," त्या म्हणाल्या.

"तारा कुठाय?"

"याच्या मते हाच."

परकराच्या वरच्या अंगाला एक चांदणी होती, तिला आम्ही बाणांनी ओढून मध्ये आणलं. दुसऱ्या ताऱ्यासाठी ते कोपऱ्यातल्या नारळाकडे गेलं. मग शनी मागितला, तर नळी खाली वळली आणि गच्चीच्या कठड्याला नाक लावून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त परकर वेगळा. समोरच्या बाईंनी खिडकी उघडून आमचा हिशेब विचारला, तेव्हा मला खाली मान घालून 'विज्ञानाचं काम आहे' असं सांगावं लागलं. मी चिडून यंत्राला चापट मारली. म्हटलं, त्या परदेशी माणसाने बिघडलेला माल गळ्यात मारला.

"त्याला मारू नकोस," बाई म्हणाल्या. "ते खोटं बोलत नाही. आपणच त्याला काहीतरी चुकीचं सांगितलंय."

गच्चीच्या दिव्याखाली बसून त्या पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. गाव तपासलं, तारीख तपासली, रेडिओ लावून वेळ तपासली. मी कठड्यावर बसून धुमसत असायचो. एकदा त्यांनी वहीतून मान वर काढून, "आणि उत्तर," एवढंच म्हटलं. मी इतका ओरडलो की पुढचं त्या बोलल्या नाहीत.

शेवटच्या तालमीला मी म्हटलं, बाण तर चालतात ना, आपण हातानेच शोधू. डोक्यावर दोन ठळक ठिपके होते. एकाकडे नळी नेली तर भोवती चार बारीक टिकल्या दिसल्या, कडी नव्हतीच. दुसऱ्याकडे नेली. बाई डोळा लावून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मी "काय दिसतंय" असं तीनदा विचारलं. शेवटी त्या बाजूला झाल्या. कडी होती. एवढीशी, पण अगदी कोरलेली. मी माल बघितला की आधी किंमत करतो, तेव्हा केली नाही.

मग माझं डोकं नेहमीच्या वाटेने चालू लागलं. "झालं की बाई. लोक यायच्या आधी असाच हाताने लावून ठेवायचा. ते आले की थोडं हलवायचं, एक बटण दाबायचं, आणि म्हणायचं, बघा, आपोआप गेली. कोण विचारतंय?"

"मी विचारते," बाई म्हणाल्या. "उद्या मुलं ते बटण दाबतील तेव्हा ती कठड्याकडे जाईल. तेव्हा तू असशील का तिथे?"

ठरल्या संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर पाच-सहा माणसं जमली. मुख्याध्यापक, भूगोलाचे शिंदे सर, आणि समितीतले एक सिमेंटचे व्यापारी, जे आल्या आल्या खुर्ची मागून बसले. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. वही उघडून एकेक पायरी मोठ्याने वाचत त्या बटणं दाबत होत्या. उत्तरेशी आल्यावर थांबल्या.

"भोईर, नक्की तिकडेच ना?" आवाज इतका हळू होता की फक्त मलाच ऐकू आला.

"किती वेळा विचारणार, बाई?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जरा जास्तच वेळ. मग नळी कल्याणकडे वळवली.

यंत्र फिरलं आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीसमोर उभं राहिलं. सिमेंटवाले हसले. "शनी टाकीत पडला वाटतं." शिंदे सरांनी खिशातून छोटं होकायंत्र काढलं, हातावर धरलं, आणि रुळांपलीकडे, पार खाडीच्या बाजूला बोट केलं. "उत्तर इकडे आहे."

"ती पश्चिम आहे," आम्ही तिघे-चौघे एकदम म्हणालो.

"स्टेशनची पश्चिम," शिंदे सर म्हणाले. "गाडी दिवा स्टेशन सोडल्यावर वळते. इथे रूळ जवळजवळ पूर्वेला जातात. आपण जिला डोंबिवली पूर्व म्हणतो ती खरं तर स्टेशनच्या दक्षिणेला आहे."

गच्चीवर कुणालाच काही कळेना. मुख्याध्यापक होकायंत्र हातात घेऊन स्वतःभोवती फिरले. मी खाली रुळांकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग परत रुळांकडे. पण सगळ्यात जास्त बिघडले ते सिमेंटवाले. त्यांनी त्याच वर्षी बंगला बांधला होता आणि पैसे घेऊन वास्तुशास्त्र सांगणाऱ्या माणसाच्या सल्ल्याने दार पूर्वेला ठेवलं होतं, स्टेशनच्या हिशेबाने. "म्हणजे माझं दार दक्षिणेला?" शिंदे सरांनी मान हलवली. सिमेंटवाल्यांचा चेहरा लाल झाला. एवढा राग कुठेतरी काढायलाच हवा होता.

"ही दिशा लावली कुणी?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण माल विकणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही म्हटल्यावर माल कोण घेणार, हा विचारही त्याच क्षणी आला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मी लावली."

"उत्तर-दक्षिण कळत नाही, आणि यांच्या हातात कॉम्प्युटर द्यायचे?" सिमेंटवाले मुख्याध्यापकांना म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी त्यांनाही कळत नव्हतं, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

शिंदे सरांनी बैठक फिरवली, बाईंनी सगळं पुन्हा पहिल्या पायरीपासून केलं, आणि यंत्र एखाद्या शहाण्या बैलासारखं गेलं. एक तारा, दुसरा तारा, शनी. लोकांनी रांग लावली. मुख्याध्यापकांनी माझा हात हातात घेऊन व्यवहार पक्का केला. बाईंनी वही शिंदे सरांकडे दिली आणि एकट्याच जिना उतरल्या.

कॉम्प्युटरची खोली पुढच्या आठवड्यात एका प्रमाणपत्रवाल्या तरुणाला मिळाली. मार्चमध्ये बाईंनी क्लास बंद केला. मशिनी मीच उचलल्या. त्यांनी सांगितलेला आकडा मी जसाच्या तसा मान्य केला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. माझी माणसं मशिनी उतरवत होती आणि बाई चिपळूणला, बहिणीकडे जायची ट्रंक भरत होत्या. माझ्या मनात तीन महिने एक गोष्ट घोळत होती. उन्हाळ्यात सकाळी सातच्या बॅचला त्या माडीवर कल्याणच्या बाजूच्या खिडकीतून ऊन थेट कागदावर यायचं. ते मला आठवत होतं, तर पंचवीस वर्षं तिथे उभं राहणाऱ्या बाईंना आठवत नसेल?

"बाई, तुम्हाला माहीत होतं ना, सूर्य कल्याणकडून उगवतो ते?"

"ऊन आलं की पडदा ओढायचा, एवढं माहीत होतं."

"मग मला दोनदा का विचारलंत?"

"तू नक्की म्हणालास ना."

हे काय बोलणं झालं? माझा आवाज चढला. "आणि गच्चीवर 'मी लावली' का म्हणालात? दाखवली मी होती. माझं नाव घ्यायचं. मी काय लहान आहे?"

बाईंनी ट्रंकेतली साडी सारखी केली. "सांगणारा साहेब कुणीही असो, पत्राखाली डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं टायपिस्टची असतात. सिमेंटवाल्यांनी विचारलं, लावली कुणी. हात माझे होते." त्या त्याच थंड सुरात पुढे म्हणाल्या, "दाखवली कुणी, असं कुठे विचारलं?"

मी शिव्या खायला तयार होऊन गेलो होतो. त्या मिळाल्या असत्या तर फिटाफीट झाली असती. फुकट मिळालेली वस्तू मला आयुष्यात कधी पचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना सरळ सांगितलं, दिशा मी दाखवली होती, बाई दोनदा विचारत होत्या, मी ओरडलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं. "भोईर, तुम्ही मोठ्या मनाचे आहात," ते म्हणाले. "जुन्या बाईंसाठी कोण एवढं स्वतःवर घेतं? पण त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर कबूल केलंय. आता समितीला काय सांगू?" मी टेबलावर हात आपटला, पुन्हा सांगितलं. जितका चिडलो तितकं त्यांना माझं मन मोठं वाटत गेलं. शेवटी चहा आला आणि तो मला प्यावा लागला.

बाईंना सोडायला मी कल्याणच्या एसटी स्टँडवर गेलो. ट्रंक टपावर चढवली, त्या खिडकीशी बसल्या. मी खालून म्हटलं, "बाई, मी शाळेत जाऊन खरं सांगून आलो."

"सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांना पटलं नाही."

बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. "तू सांगितलंस ना, मग झालं," त्या म्हणाल्या.

"झालं कसं? काम तर त्या पोराकडेच राहिलं."

"ते वेगळं."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळून बाहेर पडेपर्यंत मी तिच्यासोबत चालत होतो आणि विचारत होतो, काय झालं बाई, वेगळं काय, नीट सांगा. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं. की गेलं होतं, तेही मला सांगता येणार नाही. त्या खिडकीतून माझ्याकडे बघत मान हलवत होत्या. हो म्हणत होत्या की नाही म्हणत होत्या, ते खालून कळलं नाही.